समाधान कोणाचे? एका प्रश्नावलीच्या अनुवादाचा कबुलीजबाब

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आमच्याच महाविद्यालयातील वाणिज्य शाखेचे एक सहकारी मराठी विभागात आले. हाती अकरा पानांची इंग्रजी प्रश्नावली होती. पीएच.डी.साठी त्यांनी घेतलेला विषय असा : शहरातील फिटनेस क्लबांमधील कार्यसंस्कृती आणि तेथील कर्मचाऱ्यांचे नोकरीतील समाधान. कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकांना इंग्रजी वाचण्याचा कंटाळा, म्हणून मराठी अनुवाद हवा होता. चाळीस विधाने, प्रत्येकापुढे पाच चौकोन : पूर्ण समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी, पूर्ण असमाधानी. शेवटी 'इतर काही सूचना असल्यास' म्हणून आठ रेघा. आम्ही दोघांनी दोन दुपारी बसून, चहाचे चार कप रिचवून तो अनुवाद केला. शब्द शुद्ध होते, वाक्ये नेटकी होती. संशोधक सहकाऱ्यांनी आमचे आभार मानले आणि ऋणनिर्देशात आमची नावे घालण्याचे कबूल केले.

त्या ऋणनिर्देशातून आमची नावे काढून टाकावीत, असे आम्ही त्यांना नंतर कळवले. त्याची कारणे येथे मांडत आहोत. सहकाऱ्यांशी आमचे वैयक्तिक भांडण नाही. ते सज्जन आहेत आणि त्यांच्या विषयाच्या रीतीप्रमाणे त्यांनी काम चोख केले आहे. भांडण त्या रीतीशी आहे, आणि तिला मराठी पोशाख चढवताना ज्यांना काही खटकले नाही त्या आम्हा दोघांशीही आहे.

एक शब्द आणि त्याचे तीन अर्थ

'सॅटिस्फॅक्शन' या शब्दाला आम्ही 'समाधान' हा प्रतिशब्द योजला. कोणीही तोच योजला असता. कोशात तो आहे, वर्तमानपत्रांत आहे, बँकेच्या खिडकीवरच्या पाटीवरही आहे. पण भाषेचे अध्यापन करणाऱ्याने निदान एवढे तरी विचारायला हवे होते, की हा शब्द प्रश्नावलीत येताना आपल्यासोबत काय घेऊन येतो?

मराठी माणसाच्या कानात 'समाधान' हा आधी संतांचा शब्द आहे. तुकोबांच्या एका अभंगाचा आधार घेऊन 'आहे त्यात समाधान मानावे' हा उपदेश घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या केला गेला. ज्या कवीने आपल्या काळातल्या दांभिकांशी उभा दावा मांडला, त्याच्या शब्दांचा असा उपयोग व्हावा हा वेगळ्या लेखाचा विषय. पण परिणाम असा, की मराठीत समाधानी असणे हा सद्गुण आहे आणि असमाधानी असणे हा स्वभावदोष. इंग्रजीत 'डिससॅटिस्फाइड' म्हणणारा नोकर एखाद्या गोष्टीविषयी तक्रार करत असतो. मराठीत 'मी पूर्ण असमाधानी आहे' या चौकोनात खूण करणारा माणूस स्वतःविषयीच काही कबूल करत असल्यासारखा दिसतो. त्याचा हात तिथे थबकतो, आणि अलीकडच्या चौकोनात खूण होते.

दुसरा अर्थ वेदान्ताचा. साधनचतुष्टयातील षट्संपत्तीत शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा यांच्यानंतर समाधान येते : चित्त एका ठिकाणी स्थिर होणे. तितिक्षा, म्हणजे तक्रार न करता सोसणे, ही त्याच यादीत दोन पायऱ्या अलीकडे आहे. साधकाने स्वेच्छेने स्वीकारलेली ही शिस्त महिन्याच्या पगारावर राबणाऱ्याकडून गृहीत धरली, की तिचे नाव बदलते. तिला मग मुकाट्याने सोसणे म्हणतात.

तिसरा अर्थ आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच अनुवाद करताना आम्ही विसरलो. शास्त्रचर्चेत 'समाधान' म्हणजे शंकेला दिलेले उत्तर. शंका-समाधान ही जोडी आपण शाळेपासून ऐकतो. प्रतिपक्षाने आक्षेप घ्यायचा, सिद्धान्त मांडणाऱ्याने त्याचे समाधान करायचे. या अर्थाने समाधान ही मनाची अवस्था नाही. ते एकाने दुसऱ्याला द्यावयाचे देणे आहे. आक्षेप घेणारा समाधानी आहे की नाही, हे त्याच्या स्वभावावरून ठरत नाही. उत्तर देणाऱ्याने उत्तर दिले की नाही, यावरून ठरते.

प्रश्नावलीने पहिले दोन अर्थ पत्करले आणि तिसरा बाहेर ठेवला. आमचा सगळा वाद या एका वाक्यात आहे. पुढचे सर्व विवेचन त्याचा विस्तार आहे.

मापनाची कुळकथा

ही मापने आकाशातून पडलेली नाहीत. पाच चौकोनांची पद्धत रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली मांडली. 'जॉब सॅटिस्फॅक्शन' हेच शीर्षक असलेले रॉबर्ट हॉपॉक यांचे पुस्तक १९३५ चे. पेनसिल्व्हेनियातील न्यू होप या लहानशा गावातील नोकरदारांना विचारून त्यांनी निष्कर्ष काढले, आणि बहुसंख्य लोक समाधानी आढळले. साल ध्यानात घ्यावे. अमेरिका महामंदीत होती. शेजारचा माणूस बेकार असताना ज्याच्या हाताला काम आहे, त्याने 'समाधानी आहे' म्हणणे हे त्या कामाविषयीचे विधान मानायचे की शेजाऱ्याच्या बेकारीविषयीचे?

त्याआधी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रसिद्ध प्रयोग झाले. कामगाराकडे लक्ष दिले की त्याचे काम सुधारते, असा त्यांचा गोड सारांश व्यवस्थापनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात असतो. पाठ्यपुस्तकात सहसा नसलेली गोष्ट अशी : रिले जोडणाऱ्या ज्या मोजक्या मुली प्रयोगाच्या खोलीत होत्या, त्यांपैकी दोघींना १९२८ च्या प्रारंभी काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. त्या फार बोलत, सांगितलेले ऐकत नसत, अशी तक्रार होती. कामगारांच्या मनाचा शोध घेणाऱ्या या मूळ प्रयोगातच बोलणाऱ्यांना खोलीबाहेर जावे लागले. हा तपशील वाचकांनी लक्षात ठेवावा. आमच्या शहरातील कथेत तो पुन्हा भेटणार आहे.

मग १९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग आणि सहकाऱ्यांचा ग्रंथ आला. पगार, देखरेख, कंपनीची धोरणे, कामाची परिस्थिती हे घटक वाईट असतील तर असमाधान होते, पण ते चांगले असल्याने समाधान येत नाही. समाधान येते ते कर्तृत्व, कौतुक, जबाबदारी, प्रगती आणि प्रत्यक्ष कामातून, असा त्यांचा द्विघटक सिद्धान्त. आमच्या सहकाऱ्यांची प्रश्नावली याच पायावर उभी होती. चाळीसांपैकी पगारावर तीन विधाने, कौतुकावर सात. हर्झबर्ग यांनी कोणाला विचारले होते? पिट्सबर्गच्या परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि लेखापाल यांना. ज्यांचा पगार महिन्याच्या ठरल्या दिवशी येतो, त्यांना पगार हा आनंदाचा विषय वाटत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ज्याच्या मूळ पगाराहून कमिशन मोठे आहे, आणि ते कमिशन कोणा ग्राहकाच्या गुडघेदुखीवर अवलंबून आहे, त्याला तोच सिद्धान्त जसाच्या तसा लावणे म्हणजे शेतमजुराला शेअर बाजाराविषयी मत विचारणे आहे.

एक दिवस

जिमला जाणाऱ्या वाचकांना ट्रेनर दिसतो, त्याचा दिवस दिसत नाही. आमच्यापैकी एक जण चार वर्षे जिमला जात होता. त्यालाही तो दिसला नव्हता.

दिवस पहाटे सहाला उघडतो, म्हणजे ट्रेनर साडेपाचला हजर हवा. सहा ते दहा-अकरा सकाळची गर्दी. मग दुपारभर सुनसान. पुन्हा पाच ते रात्री दहा. याला तिथे 'ब्रेक शिफ्ट' म्हणतात. हिशेबात काम नऊ-दहा तासांचे दिसते. प्रत्यक्षात माणूस पहाटे साडेपाच ते रात्री दहा त्या जिमला बांधलेला असतो. मधल्या वेळेत ज्याचे घर लांब आहे तो मॅटवर किंवा स्टोअररूममध्ये झोपतो. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने २०१७ साली दिवसाचे काम नऊ तास आणि विश्रांतीसह एकूण पसारा साडेदहा तास, खंडित स्वरूपाच्या किंवा तातडीच्या कामात बारा तास, अशी मर्यादा घातली. साडेपाच ते दहा हा पसारा साडेसोळा तासांचा होतो. तो कायदा मुळात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. ही संख्या वीसवर आणि दिवसाचे तास दहावर नेण्याच्या बदलाला राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. गल्लीतल्या जिममध्ये वीस माणसे कुठून असणार?

पगाराचे दोन भाग. फ्लोअरवर सर्वांना मदत करण्याचा मूळ पगार, आणि 'पीटी' म्हणजे पर्सनल ट्रेनिंगमधील वाटा. पीटीचे ग्राहक ट्रेनरनेच मिळवायचे असतात, त्यासाठी महिन्याचे टार्गेट असते. म्हणजे व्यायाम शिकवणारा माणूस महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात विक्रेता होतो. ज्या स्त्रीला नुसत्या चालण्याने बरे वाटेल, तिला तीन महिन्यांचे पॅकेज घ्यायला लावायचे. नाही लावले तर त्याच्या खोलीचे भाडे थकते. त्याला मिळालेल्या ज्ञानाने एक सांगायचे आणि टार्गेटने दुसरे. हे ज्ञानही त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेले असते. नामांकित अमेरिकन संस्थांची प्रमाणपत्रे ठरावीक मुदतीने पुन्हा पैसे भरून नूतनीकृत करावी लागतात.

प्रश्नावलीत विधान क्रमांक एकोणीस होते : 'माझ्या कौशल्यांचा यथोचित उपयोग केला जातो.' होतो. विक्रीसाठी होतो. यापुढे कोणत्या चौकोनात खूण करावी?

आणखी दोन गैरहजेऱ्या नोंदवतो. लादी पुसणाऱ्या, घामाचे टॉवेल उचलणाऱ्या मावशी ठेकेदाराच्या असल्यामुळे 'कर्मचारी' या व्याख्येतच आल्या नाहीत. त्यांच्या समाधानाचा प्रश्न असा व्याख्येनेच सुटला. आणि लैंगिक छळाविषयी एकही विधान नव्हते. फ्रंट डेस्कवरची मुलगी आणि महिला ट्रेनर यांच्याशी ग्राहक कसे बोलतात, हे जिममध्ये गेलेल्या कोणालाही ठाऊक आहे. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या ठिकाणी अंतर्गत समिती बंधनकारक केली, आणि बाहेरच्या व्यक्तीकडून होणारा छळही त्यात येतो. ही समिती तुमच्याकडे आहे का, हा साधा प्रश्न आहे. हो किंवा नाही. पण त्यात 'तटस्थ' असा चौकोन बसत नाही, म्हणून तो विचारला गेला नसावा.

उत्साह : स्थायी की भाडोत्री?

आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली विमानातील परिचारिका आणि कर्जवसुली करणारे कर्मचारी यांचा अभ्यास करून एक कल्पना मांडली. चेहऱ्यावर आणि मनात ठरावीक भावना उत्पन्न करणे हेच जिथे विकले जाते, तिथे तो एक श्रम आहे. मराठीत त्याला भावश्रम म्हणता येईल. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तरी ही कल्पना परकी वाटू नये. नट जे दाखवतो ते त्याला वाटते का, यावर संस्कृत काव्यशास्त्राने शतकानुशतके वाद घातला आहे.

वीररसाचा स्थायिभाव उत्साह. जिमचा ट्रेनर दिवसातून दहा तास उत्साहाचा अभिनय करतो. आणखी एक, शाब्बास, अजून एक. मोजणारा तो, ओरडणारा तो, टाळी देणारा तो. रात्रीच्या सातव्या ग्राहकालाही पहिल्याइतकाच उत्साह मिळाला पाहिजे, कारण त्यानेही पहिल्याइतकेच पैसे भरले आहेत. नटाला निदान पडदा पडल्यावर मेकअप उतरवता येतो. इथे मात्र पडदा पडत नाही. वर, उत्साहाचा हा अभिनय करणाऱ्याला त्याच उत्साहाने प्रश्नावली भरायला सांगितले जाते. 'मी माझ्या कामाविषयी उत्साही आहे' हे विधान क्रमांक चार. ज्याची नोकरीच उत्साही दिसण्याची आहे, त्याच्याकडून मालकाच्या छताखाली या विधानाला मिळालेला होकार हा पुरावा नव्हे. तो त्याच्या कामाचाच आणखी एक नमुना आहे.

आठ रेघा

आता जे सांगायचे ते सांगणे अवघड आहे.

आमचा एक माजी विद्यार्थी त्या अभ्यासातील एका जिममध्ये ट्रेनर होता. मराठी घेऊन बी.ए. झालेला, एम.ए.चे पहिले वर्ष करून घरच्या अडचणीने थांबलेला. अक्षर सुंदर. प्रश्नावल्या तिथल्या व्यवस्थापकांमार्फत वाटल्या गेल्या आणि त्यांच्याच टेबलावर दोन दिवस उघड्या जमा होत राहिल्या. नाव लिहायचे नव्हते. गोपनीयतेची हमी पहिल्या पानावर होती, आमच्याच मराठीत.

बहुतेकांनी शेवटच्या आठ रेघा कोऱ्या ठेवल्या. त्याने त्या भरल्या. तीन गोष्टी लिहिल्या. सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मधल्या वेळेला काम धरले जात नाही, पण तेव्हा बोलावले तर यावे लागते. ग्राहक मधेच थांबला तर घेतलेल्या तासांचाही वाटा अडकतो. रविवारच्या कार्यक्रमांना हजेरी सक्तीची असते आणि बदली सुट्टी नसते. उद्धटपणा नव्हता, नावे नव्हती, मागणीसुद्धा नव्हती. नुसती नोंद होती.

पंधरा दिवसांत त्याचे तीन पीटी ग्राहक 'वेळापत्रकाच्या सोयीसाठी' दुसऱ्याकडे गेले. महिन्याभरात तोही गेला. कोणी काढले नाही. ज्याचा मोठा पगार ग्राहकांतून येतो, त्याला काढावे लागत नाही.

तो पुढे विभागात भेटायला आला. आम्ही विचारले, कागदावर नाव नव्हते, मग कळले कसे? तो हसून म्हणाला, "मॅडम, तिथे आठ ओळी मराठीत सरळ लिहिणारा दुसरा कोण आहे? आणि प्रश्न तुमच्या दोघांच्या हातचे आहेत हे मला पहिल्याच पानावर कळलं होतं. 'यथोचित' हा शब्द जिममध्ये कोण आणणार? म्हटलं, सरांनी-मॅडमनी विचारलंय, तर खरं लिहू या."

ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून लिहिण्याची सवय त्याला आम्ही लावली होती. त्या सवयीनेच त्याला उघडे पाडले. आणि आमच्या शब्दांवरचा त्याचा विश्वास पाहून आम्हाला मान वर करता आली नाही.

संशोधक सहकाऱ्यांना आम्ही हे सांगितले. त्यांना मनापासून वाईट वाटले. प्रबंधात त्याचे काय झाले, असे विचारल्यावर ते म्हणाले, खुल्या प्रश्नाची उत्तरे संख्यात्मक विश्लेषणात बसत नसल्यामुळे वगळली आहेत. चाळीस खुणा मात्र धरल्या आहेत. निष्कर्ष असा, की बहुसंख्य कर्मचारी समाधानी आहेत.

हॉथॉर्नच्या त्या दोन मुलींनंतर जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा एकदा बोलणारा खोलीबाहेर गेला, आणि खोलीत उरलेल्यांचे समाधान मोजले गेले.

आक्षेप आणि उत्तरे

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही तो काही सहकाऱ्यांपुढे मांडला. तीन आक्षेप आले.

पहिला आक्षेप गतवैभवाचा. जिम ही परकी दुकानदारी आहे, आपल्या तालमीत वस्ताद आणि पठ्ठे यांचे नाते घरच्यासारखे होते, तिथे असले प्रश्नच नव्हते. तालमीची परंपरा थोर आहे, हे आम्हाला मान्य आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला दिलेला आश्रय, १९१२ साली कोल्हापुरात उभे राहिलेले खासबाग मैदान, १९१४ साली अमरावतीत सुरू झालेले हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, बडोद्याच्या द. चिं. मुजुमदार यांनी दहा खंडांत सिद्ध केलेला व्यायाम ज्ञानकोश. हा वारसा मोठाच आहे. पण आश्रय हा आश्रय होता, हक्क नव्हता. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाल्यावर दरबाराच्या खुराकावर वाढलेल्या मल्लांना कोणाच्या दारात उभे राहावे लागले, हे कोल्हापूरकरांनीच सांगावे. त्या लाल मातीत स्त्रियांना जागा नव्हती. घरच्यासारखे नाते म्हणजे वेतन न मागता येणारे नाते, असा अर्थ अनेकदा झाला. आजही अनेक जिमचे मालक 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असेच म्हणतात. कुटुंबात ओव्हरटाइम नसतो, ही त्यातली सोय आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. पटत नसेल तर नोकरी सोडावी, कोणी बांधून ठेवले आहे का? २०२० ने याचे उत्तर दिले. मार्चमध्ये जिम बंद झाल्या. केंद्राने ऑगस्टमध्ये परवानगी दिली, महाराष्ट्रात त्या २५ ऑक्टोबरला, दसऱ्याला उघडल्या. सात महिने. जिम उघडण्याच्या मागणीत मालकांचे कर्ज होते, यंत्रांचे हप्ते होते, जागेचे भाडे होते. ट्रेनरचा उल्लेख आला तो मागणीला जोड म्हणून. 'पीटी नाही तर पैसे नाहीत' या कराराचा अर्थ तेव्हा अनेकांना प्रथमच पुरता समजला. ज्याला कामावर असतानाही पुढच्या महिन्याची खात्री नाही, त्याला 'सोडण्याचे स्वातंत्र्य' देणे ही दानशूरता स्वस्तातली आहे.

तिसरा आक्षेप आमच्याच विभागातून आला. तो आम्हाला अधिक बोचला : हा साहित्याचा विषय नाही. आम्ही विचारतो, मग कोणाचा? आपण 'कामगार साहित्य' शिकवतो. नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप आणि त्यानंतरची पडझड 'अधांतर'मध्ये जयंत पवारांनी मांडली. हे सारे आपण आदराने शिकवतो, आणि अभ्यासक्रमात तो अध्याय संपला असे समजून पुढे जातो. गिरण्या संपल्या म्हणून कामगार संपला, असे आपण धरून चाललो आहोत. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी आज मॉल आणि कचेऱ्या आहेत, आणि त्या कचेऱ्यांत बसून पाठ दुखणाऱ्यांसाठी जिम आहेत. भोंगा गेला. त्याच्या जागी ट्रेनरच्या फोनवर पहाटे पाचचा गजर आला. गिरणीतल्या माणसापाशी निदान युनियन होती, चाळ होती, शाहीर होता. याच्यापाशी प्रमाणपत्र आहे आणि टार्गेट आहे. त्याची भाषा पाचही चौकोनांत बसत नसेल, तर ती ऐकणे हे भाषेच्या विद्यार्थ्याचे काम नव्हे काय?

आमचा चौकोन

हे सर्व आम्ही उंचावरून बोलत आहोत, असा समज होऊ नये. आमच्यापैकी एकाला सातव्या वेतन आयोगाचा पगार आहे. त्या पगारातूनच जिमची वर्षाची फी गेली, आणि ट्रेनरने दमून एखाद्या दिवशी कमी उत्साह दाखवला तेव्हा 'हल्ली लक्ष नसते' अशी तक्रारही गेली. दुसरी व्यक्ती अकरा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवते. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला मानधन नाही, कारण तास नाहीत. ब्रेक शिफ्टचे गणित तिला समजावून द्यावे लागले नाही. आणि दरवर्षी 'नॅक'च्या निमित्ताने समाधानाची सर्वेक्षणे आम्हीही भरून घेतो. ती कशी भरली जातात, हे येथल्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

म्हणून ऋणनिर्देशातून नाव काढण्यावर आम्ही थांबू शकत नाही. आम्ही प्रश्नावलीचा अनुवाद पुन्हा केला आहे, आणि या वेळी तिसरा अर्थ धरून. त्यात पाच चौकोन नाहीत. काही प्रश्न असे आहेत : काल तुम्ही किती वाजता घरातून निघालात आणि किती वाजता परतलात? त्यांपैकी किती तासांचे पैसे मिळाले? पगाराची चिठ्ठी मिळते का? ग्राहकाने पैसे भरले आणि तुमचा वाटा अडकला, असे गेल्या वर्षी किती वेळा झाले? छळाची तक्रार कोणाकडे करायची, हे तुम्हाला कोणी सांगितले आहे का? लादी पुसणाऱ्या मावशींचे नाव तुम्हाला ठाऊक आहे का? आणि शेवटी, आठ नव्हे, पूर्ण एक कोरे पान. हे कागद व्यवस्थापकाच्या टेबलावरून जाणार नाहीत. जिमबाहेर, चहाच्या टपरीवर, दुपारच्या मोकळ्या वेळेत भरले जातील, आणि लिहिणाऱ्याचे अक्षर कोणाला ओळखू येऊ नये म्हणून दुसऱ्या कोणी तरी ऐकून लिहितील. ते काम एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी करावे, अशी आमची इच्छा आहे. लघुनिबंधासाठी विषय मिळत नाही म्हणून दरवर्षी विभागात येणाऱ्यांना आम्ही यंदा हेच सांगणार आहोत.

संशोधक सहकारी हे 'शास्त्रीय' मानणार नाहीत. न मानोत. त्यांच्या प्रबंधाला आमचा एकच पूर्वपक्ष आहे : कर्मचाऱ्याला समाधानी आहेस का, असे विचारण्याआधी त्याच्या शंकेचे समाधान कोणी केले आहे का?

आमचा विद्यार्थी आता दुचाकीवरून घरोघरी जाऊन व्यायाम शिकवतो. परवा त्याला नवी प्रश्नावली वाचायला दिली. त्याने ती दोनदा वाचली, एका ठिकाणी 'अनुस्वार राहिलाय, सर' म्हणून पेन्सिलीने टिंब दिले, आणि विचारले, "ही कोण भरून घेणार आहे?" आम्ही म्हटले, आम्ही. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "टेबलावर ठेवू नका म्हणजे झालं."